जाळ कुठला
दुर्गाबाईंच्या खानावळीत गॅस सिलिंडरमधून नव्हे, नळीतून यायचा, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! आयटी कंपन्यांच्या मागच्या त्या वस्तीत बाकीच्या बायका नंबर लावून सिलिंडरची वाट बघत बसायच्या, तेव्हा दुर्गाबाई नुसतं बटण फिरवायच्या. "माझ्या अभिनवचा प्लांट आहे," जेवायला येणाऱ्या पोरांना त्या सांगायच्या. "कचऱ्यापासून गॅस करतो तो." कचरा म्हणजे मार्केट यार्डातली सडकी भाजी, हे त्यांनी आपल्या मनानंच ठरवून टाकलं होतं. अभिनवनंही ते कधी खोडलं नाही.

नवरा गेल्यावर त्या यवतमाळहून पुण्यात आल्या, पोळ्या लाटून मुलाला इंजिनिअर केलं. खानावळीवरची 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी दाखवण्यापुरती नव्हती. बाहेरून अंडाभुर्जी खाऊन आलेला पोरगा त्यांना वासावरून कळायचा आणि त्याला त्या आधी हात धुवायला पिटाळायच्या.

एका सोमवारी महापालिकेचे साहेब आले. अभिनवच्या लहान प्लांटचा गॅस रोजच्या वापराला पुरतो का, ते बघून मोठ्या प्लांटला मंजुरी मिळायची होती. दुर्गाबाई पुरण शिजवत होत्या. निळा जाळ बघून साहेब खूश झाले. "वा! कत्तलखान्याच्या घाणीवर पुरणपोळी! शुक्रवारी कमिटीला घेऊन येतो, त्यांनाही एकेक वाढा." मागे उभा असलेला अभिनव डोळ्यांनी खुणा करत होता, पण साहेबांना त्या दिसतील तर ना.

दुर्गाबाईंचा हात थांबला. पुरण खाली लागलं तरी त्या तशाच उभ्या होत्या.

साहेब गेले आणि त्यांनी गॅस बंद केला. संतापल्या की त्यांची वऱ्हाडी उसळून वर यायची.

"काहून रे, मले काहून नाही सांगतलं?"

"तू ऐकलं नसतंस, आई. आणि मिथेन शेवटी मिथेनच असतो. त्यात मांसाचा अंशही नसतो."

"महालक्ष्म्यांचा सैपाक केला मी याच्यावर!"

शुक्रवारी शेगडी बंद दिसली तर सगळी मेहनत पाण्यात जाईल, एवढंच अभिनव पुटपुटला.

त्या दिवसापासून स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर सुरू झाला. पोटच्या पोरानं फसवलं, हे दुर्गाबाईंना गिळता येत नव्हतं. गुरुवारी दुपारी मात्र, कुणालाही न सांगता, त्या नाकाला पदर लावून प्लांटवर गेल्या. रक्तमांस बघायची तयारी ठेवूनच गेल्या होत्या. तिथला कामगार टाकीत हिरवट, ओला लगदा ओतत होता.

"हे काय?"

"पोटातला चारा, मावशी. म्हशीनं खाल्लेला, पचायचा राहिलेला."

दुर्गाबाई वाकल्या. कडब्याचे तुकडे ओळखू येत होते. शेणानं देवघर सारवलेली बाई ती. हे तर शेण व्हायला थोडंसंच कमी पडलेलं. पण त्यांच्या मनात आलं ते भलतंच. जन्मभर त्यांनी माणसं जेवू घातली, भांडण झालं तरी कुणाला भरल्या ताटावरून उठवलं नाही. आणि या मुक्या जिवाला घास पोटात असतानाच उठवलं होतं. निदान तो घास तरी कुणाच्या अन्नाखाली जळत होता. त्यांना फार वाईट वाटलं. किळस मात्र आली नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

संध्याकाळी ताटं मांडण्याआधी त्यांनी सगळ्यांना काय ते सरळ सांगितलं. गॅस कशाचा, आणि आजपासून स्वयंपाक पुन्हा त्याच्यावरच होणार. पोरं एकमेकांकडे बघून हसली. "काकू, टेस्ट सेमच राहणार ना? मग वाढा की," समर्थ नावाचा एक जण म्हणाला.

बद्रीनाथकाका हसले नाहीत. ते रिटायर्ड हिशेबनीस, एकटे, खानावळीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी चपला घातल्या, हात जोडले. "सांगितलंत, उपकार झाले. पण माझ्याच्यानं नाही व्हायचं," म्हणाले आणि गेले.

"बघितलंस?" कोपऱ्यात उभा असलेला अभिनव म्हणाला. "म्हणूनच मी सांगत नव्हतो."

दुर्गाबाईंनी गॅस पेटवला. पोरांना पोटभर वाढलं. मग स्टोव्हला पंप मारून वेगळ्या दोन भाकऱ्या थापल्या, भाजी केली आणि डबा भरला.

"एका माणसासाठी एवढं?"

"तुझी कमिटी येऊ दे उद्या. शेगडी पेटलेली दिसेल त्यायले," त्या म्हणाल्या. अभिनवचा चेहरा एकदम उजळला. दुर्गाबाईंनी डबा त्याच्या हातात दिला. "पण बद्रीनाथकाकायले मी आधी सांगतलं, म्हणून त्यायले नाही म्हणता आलं. तू मले आधी सांगतलं असतं तर मी हो म्हटलं असतं का नाही रे, हे आता मलेही कधी समजणार नाही."

अभिनव डबा हातात धरून उभाच राहिला. "जा," दुर्गाबाई म्हणाल्या, "भाकरी गार होऊन राहिली."