हळू घ्या, लेकरू हाय

माझ्या सासूबाईंनी उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. म्हणून फेब्रुवारीत ठाण्याला आमच्याकडे महिनाभर राहून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘जाताना मला इमानानं न्या,’’ तेव्हा सुदर्शन, म्हणजे माझा नवरा, हातातला रिमोट तसाच धरून बसला. चिकलठाण्याला सासू-सासऱ्यांचं घर विमानतळाच्या भिंतीपासून हाकेवर आहे. दिवसभर डोक्यावरून विमानं जातात. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आईंनी त्या आवाजाला कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. कपडे वाळत घालताना विमान आलं तर त्या उलट खाली बघायच्या.

खरं सांगते, मला राग आला. सासू-सासऱ्यांना एकटं पाठवणं शक्य नव्हतं, त्यामुळे शाळेतून दोन दिवसांची रजा मलाच काढावी लागणार होती. आईंचे गुडघे गेलेले, सासऱ्यांना ऐकू कमी येतं. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री झोपून सकाळी घरी, असं सगळं सरळ असताना हे काय नवीन. ‘‘म्हातारपणी डोहाळे लागलेत तुमच्या आईला,’’ असं मी सुदर्शनला म्हटलंसुद्धा. त्यात आईंची अट, खिडकीच पाहिजे आणि तीही डाव्या अंगाची. नानासाहेब, म्हणजे माझे सासरे, या सगळ्याला फॅड म्हणाले आणि मुकाट्यानं नवीन धोतर काढून ठेवलं.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत आईंची पिशवी उघडली. आत जुन्या लुगड्याचा एक मऊ तुकडा, धुऊन, चौकोनी घडी घातलेला. हा कशाला, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, लागंल.

विमानात नानांनी सगळं बघितलं. पंख बघितला, पाण्याच्या बाटलीचा भाव विचारला आणि कपाळाला हात लावला. आईंनी ढगांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विमान खाली उतरायला लागलं तशी मात्र त्यांनी काचेला कपाळ टेकवलं ते उचललंच नाही. खाली शहर दिसायला लागलं, मग पत्र्याच्या शेड, मग मोकळं रान. आई नानांच्या हातावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी मोजत होत्या. लेण्याचा डोंगर आला, त्याच्या पल्याडचं टोक आलं, आता दोन्ही एका रेघेत आले की आपलं रान. चाकं टेकली, विमान इमारतीच्या अंगाला वळलं आणि नाना एकदम म्हणाले, ‘‘हितंच.’’ इतका वेळ ज्याला ते फॅड म्हणत होते त्याच्यात तेही आहेत, हे मला तेव्हा कळलं.

शिडी उतरून आम्ही इतर प्रवाशांच्या मागून इमारतीकडे चालत निघालो. जमिनीवर पिवळी रेघ आखलेली होती, तिच्या आतून चालायचं. आईंनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, आई, काच-बिच लागेल. त्या थांबल्या आणि रेघेच्या बाहेर वळल्या. सिमेंट संपून पुढे वाळलेलं गवत होतं, तिकडे. मी त्यांचा दंड धरला, तोवर सुरक्षेच्या गणवेशातली एक पोरगी धावत आली. पंचविशीची असेल, उत्तरेकडची.

‘‘अम्मा, लाइन में चलिए.’’

आईंना हिंदी कळतं, बोलता येत नाही. त्या तिच्या तोंडाकडे बघून मराठीतच म्हणाल्या, ‘‘बाई, माझं लेकरू हाय तिथं. मूठभर माती घेऊ दे. भिताडाच्या आत यायला मला दुसरी वाट नव्हती, म्हणून तिकीट काढून आले.’’

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मला सांगता येईना, कारण मीच पहिल्यांदा ऐकत होते. मग नानांनी सांगितलं, तुटक तुटक, सिमेंटकडे बघत. सुदर्शनच्या आधी एक मुलगी झाली होती. दहा दिवसांची होऊन गेली. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. नानांनी तिला स्वतःच्या हातानं आपल्या शेताच्या बांधावर, कडुलिंबाखाली ठेवलं होतं. आई रोज दुपारी भाकरी खायला त्याच लिंबाखाली बसायच्या आणि कुणाला काही विचारावंसं वाटायचं नाही, कारण शेतात सगळेच सावलीला बसतात. वीस वर्षांपूर्वी विमानतळ वाढला, शेत गेलं, लिंब गेला, मधे भिंत आली. मी हे सगळं हिंदीत सांगितलं. 

त्या पोरीनं मागे पाहिलं, दूर उभ्या असलेल्या तिच्या साहेबाकडे. तिथून पुढे प्रवाशाला सोडता येणार नाही, असं ती म्हणाली. मग विचारलं, ‘‘कहाँ?’’

आईंनी हात वर केला, पण तो हवेतच घोटाळला. खुणेला लिंब नव्हता. तेव्हा नाना पुढे झाले. त्यांनी एकदा लेण्याच्या डोंगराकडे पाहिलं आणि बोट रोखलं. ‘‘त्या दिव्याच्या खांबाच्या पल्याड. चाळीस पावलं. तिथून डावीकडं दोन.’’

ती पोरगी गेली. आम्ही रेघेच्या आत उभे, आणि ती गणवेशात, एकटी, उन्हात, पावलं मोजत चालली होती. खांब ओलांडला, डावीकडे दोन पावलं टाकली. मग तिनं बूट काढले. खाली बसून दोन्ही हातांनी माती उकरली आणि ओंजळ धरून, सांडू न देता, तशीच अनवाणी परत आली. मी बावीस वर्षं मुलांना शिकवतेय, माणसाचं मोठेपण वगैरे फळ्यावर लिहितेय. ते चालत येताना मी त्या दिवशी पाहिलं. आईंनी लुगड्याचा तुकडा पसरला. काळी माती त्यात पडली आणि त्यांनी त्याचं गाठोडं बांधलं. पोरीनं हात झटकलेसुद्धा नाहीत, म्हणाली, ‘‘अब जल्दी चलिए, अम्मा,’’ आणि आपले बूट आणायला वळली.

बाहेर येऊन मी रिक्षावाल्याला चिकलठाणा गाव सांगायला लागले. घर पाच मिनिटांवर. आई म्हणाल्या, नाही, गुलमंडी. साळूआत्याकडे.

साळूबाई म्हणजे नानांची थोरली बहीण, चौऱ्याऐंशीची. लग्न होऊन जुन्या शहरात, गुलमंडीत आली ती तिथलीच झाली. रिक्षा जालना रोडला लागली आणि आईंनी मला एवढ्या वर्षांचं पोटातलं सांगितलं. बाळाचं नाव ठेवायचं ते आत्यानं. आत्या नाव आधी ठरवते आणि बारशापर्यंत कुणाला सांगत नाही. साळूआत्यांनीही ठरवलं होतं. बारसं झालंच नाही. अशा लेकराबद्दल बोलू नये, पुढच्याला लागतं, म्हणून आईंनी विचारलं नाही आणि आत्यांनी सांगितलं नाही. एकावन्न वर्षं झाली. पोटची पोर, आणि तिचं नाव काय ते आईला ठाऊक नाही.

डिसेंबरात साळूआत्या दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा आईंनी धीर करून विचारलं होतं. आत्या म्हणाल्या होत्या, ‘‘नाव लेकराच्या कानात सांगायचं असतंय, भागू. लेकरू पुढ्यात नसताना मी ते कुणाला सांगू?’’ दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, काय हा हट्ट. पण आईंना ते पटलं होतं. मग लेकरू न्यायचं कसं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो त्यांनी सोडवला होता. मुंबईला जाऊन विमानानं परत येऊन.

‘‘अन् आता त्यांना इसरायला व्हतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘परवा फोनवर मला इचारत व्हत्या, तू कोण म्हणून. आज नाय तर मग नायच.’’

रिक्षावाल्याचं नाव राजकुमार, हे मागच्या पाटीवर लिहिलेलं होतं. तो जालना रोडवर जसे सगळे चालवतात तसा चालवत होता. मुकुंदवाडीजवळ एका खड्ड्यात रिक्षा आदळली आणि आईंनी गाठोडं छातीशी धरलं.

‘‘दादा, हळू घ्या. लेकरू हाय.’’

त्यानं आरशात पाहिलं. मागे दोन म्हातारी माणसं आणि एक मी. मी नुसती मान हलवली. त्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्यानं वेग उतरवला आणि मग शेवटपर्यंत वाढवला नाही. मागून हॉर्न वाजत राहिले. एका कारवाल्यानं काच खाली करून शिवी दिली. राजकुमार म्हणाला, ‘‘जाने दो उसको, मौसी. अपन आरामसे जाते.’’

मी हा रस्ता शंभरदा पाहिलाय. धूळ, होर्डिंग, सिग्नल, यापलीकडे कधी काही दिसलं नाही. आई गाठोड्याची एक कड वर करून त्याच्याशी बोलायला लागल्या. हा सिडको. हिथं आधी नुसतं रान व्हतं, तुझा बाप बैलगाडीत माल घालून जायचा मोंढ्याला, इकायला. हा पूल, सेव्हन हिल म्हणत्यात. हे बघ, किती माणसं. हे आकाशवाणी, आपल्या रेडिओत बोलायचे ते हिथूनच. क्रांती चौकात सिग्नल लाल होता. आईंनी गाठोडं थोडं बाहेर धरलं आणि म्हणाल्या, महाराज बघ, घोड्यावरचे. उसाच्या रसाच्या गाड्या, शाळेच्या पोरी, हिरवे सिग्नल, सगळं त्या दाखवत होत्या, आणि मी तिच्या बाजूनं बघायला लागले. जिनं कधीच काही पाहिलं नाही तिच्या बाजूनं. काय सांगू, शहर इतकं मोठं आणि इतकं उजळ मला आधी दिसलंच नव्हतं. एका फुगेवाल्याजवळून गेलो तेव्हा नानांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. ते रडत होते.

पैठण गेटपासून पुढे गर्दी. गुलमंडीच्या कापडाच्या दुकानांमधून राजकुमारनं रिक्षा बोळाच्या तोंडापर्यंत नेली.

साळूआत्या खिडकीपाशी खाटेवर बसल्या होत्या. त्यांची सून आशाबाई दारातच हळू आवाजात म्हणाली, आज बरं नाही, सकाळपासून मलाही ओळखलं नाही.  आई पुढे गेल्या. आत्यांनी त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि विचारलं, ‘‘कोण गं?’’

 आईंनी खाली बसून गाठोडं आत्यांच्या मांडीवर ठेवलं. ‘‘लेकरू आणलंय. नाव ठेवा.’’

आत्यांनी गाठोड्यावर हात ठेवला. बोटांनी चाचपलं, वजन घेतलं. खालून भाजीवाल्याची ओरड येत होती. आम्ही तिघं मागे उभे. मी मनात म्हणत होते, आठवू दे, बाकी काही नाही, हे एवढं आठवू दे.  मग आत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि त्या चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘‘टोपडं कुठाय? बोडक्या डोक्यानं आणतात व्हय बारशाला?’’

आशाबाई आत पळाली आणि नातवाचं टोपडं घेऊन आली. आत्यांनी ते गाठोड्याच्या गाठीवर नीट बसवलं. गाठोडं उचलून तोंडाशी धरलं. कुर्रर्र केलं. मग ओठ हलले. आम्हाला काही ऐकू आलं नाही, ते आधी बाळाचंच असतं. आशाबाईनं आणि मी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत बुक्के घातले, हळूच, त्या पाठीत आता होतं काय.

‘‘सुलेखा,’’ आत्या म्हणाल्या.

नाना पुढे वाकले. त्यांना ऐकू आलं नव्हतं. आत्यांनी पुन्हा, त्यांच्यासाठी मोठ्यानं सांगितलं. समोरच्या घरात तेव्हा एक मास्तरीण राहायची, तिचं नाव होतं. घड्याळ लावून, साडी चापूनचोपून नेसून शाळेत जायची. ‘‘म्हटलं, आपली पोरबी अशीच जाईल.’’

आईंनी ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. सुलेखा. त्यांना ‘ख’ नीट जमेना, पुन्हा म्हणाल्या. पुन्हा. चौथ्या वेळी जमलं आणि जमल्यावर त्या रडल्या, मोठ्यानं, तरण्या बाईसारख्या. मी त्यांना धरलं. एवढी मोठी गोष्ट या बाईनं आमच्या घरात, भाकऱ्या थापत, धुणी वाळत घालत, एकटीनं सांभाळली होती आणि मी तिला डोहाळे म्हणाले होते. मला त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला, आणि मी लावला.

आशाबाईनं डोळे पुसले. काय करावं ते न सुचून ती नेहमीचंच बोलली, ‘‘सुदर्शनची आई, च्या ठेवू का?’’

साळूआत्यांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. ‘‘थोरली सोडून धाकट्याच्या नावानं हाक मारतेस व्हय? नीट इचार.’’

आशाबाईला कळायला क्षणभर लागला. मग ती आईंसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, ‘‘सुलेखाची आई, च्या ठेवू?’’

‘‘व्हय,’’ आई म्हणाल्या. ‘‘ठेव.’’