चौथ्या पुडीचा वास

पपनसाची साल, नखाने नुकतीच सोललेली.

पावसात भिजलेले देवदाराचे लाकूड.

लोणी. टाकी परत बंद करा.

मांजराने दारावर केलेला पराक्रम. थोडाच. हवाहवासा.

ओला कुत्रा. नाही, ओल्या कुत्र्याशेजारी ठेवलेले संत्रे.

जर्दाळूचा मुरंबा, मग कडू, मग आणखी कडू, मग घशाखाली शेकोटी.

मित्रांनो, ही सगळी वाक्ये वर्ना टोलेफसन माझ्यात नाक घालून बोलली आहे. मी एक जुना काचेचा पेला आहे. पोट मोठे, कंबर बारीक, तोंड आत वळलेले, म्हणजे वास निसटू नये. काचेच्या कारखान्यातून आम्ही सहा भाऊ एका खोक्यात अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात आलो. आता मी एकटाच उरलो आहे. बाकीच्यांचे काय झाले ते सांगायला लागलो तर रेंगाळेन, आणि मला रेंगाळता येत नाही. एकवीस वर्षे मला नुसते गरगर फिरवले गेले आहे. फळीवर पालथा असतानाही आतून फिरतच असतो.

वर्ना बिअर बनवते. तिच्या सगळ्यात जहाल बिअरचे नाव हट्टी. नऊ टक्के मद्य आणि हॉप्सने ठासून भरलेली. हॉप्स म्हणजे इथल्या मळ्यांत उंच तारांवर चढणाऱ्या वेलीची हिरवी बोंडे. हट्टीचा कडूपणा त्यांचा आणि वासही त्यांचाच.

सकाळी दहा वाजता टाकीतून माझ्यात दोन बोटे बिअर पडते. त्याआधी वर्ना कॉफी पीत नाही, दातांना पेस्ट लावत नाही. मला फिरवते, डोळे मिटते, तीनदा हुंगते, एक घोट घेते आणि बोलते. तिचा धाकटा भाऊ थेअर ते लिहून घेतो. मग तो मला कढत पाण्याने धुतो. साबण नाही, फडके नाही. जिल्ह्याच्या जत्रेत हट्टीला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली तेव्हा वर्नाने ती माझ्या कमरेला बांधली होती. दिवसभर मी तसाच मिरवत होतो.

फेब्रुवारीत वर्नाला ताप आला. आठवड्याने ती उठली. मला घेतले, फिरवले, तीनदा हुंगले.

डोळे मिटले नाहीत.

मित्रांनो, अडगळीत पडलेल्या वस्तू आपली आबाळ झाली म्हणून रडतात. मी रोज हातात होतो, रोज भरला जात होतो, आणि तरी माझी आबाळ होत होती. नाक माझ्यात यायचे आणि रिकामेच परत जायचे. वर्ना म्हणायची, "पपनस. देवदार. थोडं मांजर." थेअर लिहायचा. बरोबरच होते ते, कारण हॉप्स गेल्या वर्षीचेच होते आणि हट्टीची चव तिला तोंडपाठ होती. मार्चमध्ये पाठ, जूनमध्ये पाठ. मला ओरडावेसे वाटे. पेल्याला ओरडायचा एकच मार्ग असतो, आणि तो एकदाच वापरता येतो.

सप्टेंबरात तोडणी सुरू झाली. युसेबिओ बाराहोना चार पुड्या घेऊन आला. तो हॉप्सचा मळेवाला. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला वर्ना धर्ममाता म्हणून उभी राहिली होती, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणतो. चार पुड्यांत चार वाफ्यांचा माल. वर्नाने त्यातून एक निवडायची आणि त्याने कागदावर नंबर लिहून घ्यायचा. मग वर्षभराची हट्टी त्याच मालावर.

दोघांची एक खोड होती. युसेबिओ दरवर्षी चारांत एक पुडी मुद्दाम वाईट आणायचा. उशिरा तोडलेल्या हॉप्सची. त्यांना कांदालसणाचा वास येतो. वर्ना ती ओळखून त्याच्या अंगावर फेकायची. गेल्या वर्षी म्हणाली होती, "ही तुझ्या सासूला नेऊन दे, चटणीत घालेल."

"काय कोमाद्रे, नाक जागेवर आहे ना?" त्याने दारातूनच विचारले.

"आहे तर! तुझ्या बुटांचा वास फाटकापासूनच आला."

थेअर बाहेर फोर्कलिफ्टवर पिंपे हलवत होता. वर्नाने पहिली पुडी उघडली, बोंडे तळहातावर चोळली, ओंजळीत नाक खुपसले. मग दुसरी, तिसरी. चौथी चोळली तेव्हा तिचे तळवे पिवळेधमक झाले.

"हा," ती म्हणाली. "वर्षभराचा माल यातलाच."

युसेबिओ खो खो हसला. "वा! यंदा तू माझीच फिरकी घेतेस होय?"

"फिरकी कसली? चिकटपणा बघ ना केवढा. असा तेलकट माल कित्येक वर्षांत आला नव्हता. लिही, चार नंबर."

तो हसायचा थांबला. ती हात धुवायला बेसिनकडे वळली. त्याने मला फळीवरून उचलले, टाकीच्या नळाखाली धरून हट्टी भरली, चौथ्या पुडीतली दोन बोंडे चुरून बुडवली आणि काढून खिशात टाकली.

"ही जरा बघ," तो म्हणाला. "थेअर म्हणत होता नवी टाकी आहे."

मित्रांनो, माझ्या पोटात लसणाची फोडणी पेटली होती. वर्नाने मला फिरवले. तीनदा हुंगले. एक घोट घेतला.

"पपनस," ती म्हणाली. "देवदार. थोडं मांजर. छान उघडलीय."

"कोमाद्रे."

"हं?"

"यात मी चौथी पुडी चुरलीय."

तिने मला खाली ठेवले नाही. परत एकदा नाक घातले, आणि रिकामेच बाहेर काढले.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"तापानंतर."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. नाही तर नाही येणार म्हणतात. एवढं शिकून!"

"थेअरला माहीत आहे?"

"त्याला काय सांगू? या कारखान्यात मी नाक आणि तो फोर्कलिफ्ट. नाक गेलं तर मी इथे करू काय? खुर्च्या पुसू?"

युसेबिओने टोपी काढली आणि परत घातली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक. मी तीन नंबर लिहून जातो. तिसरा चांगला आहे. दरवर्षी येऊन मीच निवडत जाईन. कोणाला कळायचं नाही."

वर्ना मला फिरवत राहिली. कितीतरी वेळ. एवढे मला कधी फिरवले नव्हते. हो म्हटले असते तर तिची खुर्ची राहिली असती, नाव राहिले असते, आणि माझ्या वाट्याला जन्मभर ते रिकामे नाक आले असते.

"आणि टाक्या?" ती म्हणाली. "त्या रोज उघडतात. रोज सकाळी दहाला येशील?"

ती दाराशी गेली.

"थेअर! ते धूड बंद कर आणि इकडे ये. कॉफी घेतलीस का?"

"नाही."

"का नाही?"

"असंच."

तिने मला त्याच्या हातात दिले. त्याच्या हातात मी रोजच असायचो, पण रिकामा. भरलेला पहिल्यांदाच. "हुंग," ती म्हणाली. "आजपासून मी लिहिणार. माझं नाक गेलंय. मला कशाचाही वास येत नाही."

थेअरने तिच्याकडे पाहिले, मग माझ्यात नाक घातले आणि झटकन काढले. "लसूण! आणि जळकं रबर. कोणाचा उद्योग हा?"

युसेबिओने शाळकरी मुलासारखा हात वर केला. त्याने मला कढत पाण्याखाली धरले, नळाची ताजी हट्टी भरली आणि परत थेअरपुढे केले.

"आता?" वर्नाने पेन्सिल उचलली.

"टेनिसच्या चेंडूंचा डबा. आत्ताच उघडलेला. मग संत्रं. मग... शब्द नाही गं मला."

"नसेल तर परत हुंग."

त्याने डोळे मिटले. "जुलैत गवत कापल्यावर बुटांना चिकटून येतं ना, ते."

ती हसत लिहायला लागली, पण पेन्सिलचे टोक कागदात घुसून मोडले. मग थेअरने चारही पुड्या चोळल्या. निवडली तिसरीच, पण अर्धा तास घेतला. चौथी त्याने युसेबिओच्या अंगावर फेकली. नेम चुकला.

आता दहा वाजता आधी थेअर बोलतो. मग वर्ना एक घोट घेते आणि तिला जे पोचते तेवढेच म्हणते. "कडू. ऊब." दोन शब्द. त्यांतला एकही आठवणीतून उसना आणलेला नसतो, आणि मला तेवढे पुरते.

मित्रांनो, पेल्यांना जपा. वासाच्या साबणाने घासू नका, फडक्याने पुसू नका. आणि तुमच्या घरात रोज तीच चव, त्याच शब्दांत, न चुकता सांगणारे कोणी असेल तर त्याला जपा. पेला त्याच्या हातून काढून घेऊ नका. शेजारी बसा, आणि तुम्हीही एक घोट घ्या.

फेब्रुवारीत, तापातून उठल्याच्या दुसऱ्या दिवशी, वर्ना फळीखालच्या भट्टीकडे पाठ करून बसली होती, भट्टीत पाव जळून कोळसा झाला होता, आणि थेअरने आत येऊन खिडकी उघडली, पाव उकिरड्यावर टाकला आणि त्या दिवसापासून दहाच्या आधीची कॉफी सोडली.