तीन व्होल्टच्या खाली

कळमनुरीच्या बाजारात सोनाजीचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. टॉर्चचे मेलेले सेल उन्हात तापवून त्यांच्याकडूनही आठवडाभर उजेड काढणारा हा माणूस. त्याच्याच पोरानं, रत्नपालनं, दोन हजार सात साली मस्कतला नोकरीवर जाताना बापाला उलटा धडा दिला.

"बाबा, ही बॅटरी तशी न्हाई. एका सेलला तीन व्होल्ट. त्याच्या खाली उतरली की मेली, मंग जबरीनं चार्ज केली तर पेट घेते. अर्धी भरून ठेवून राहिलो. तुमी निस्ती मोजत जा. मी आलो की विमान उडवू."

रिमोटवर उडणारं ते थर्माकोलचं विमान रत्नपालनं स्वतः कापून-चिकटवून केलेलं. तीन सेलांची, साबणाच्या वडीएवढी बॅटरी मात्र कुण्या मित्रानं परदेशातून आणून दिलेली. रत्नपालची आई, रुक्माबाई, वारली त्या उन्हाळ्यात बापलेक घरात एकमेकांशी धड बोलतही नव्हते. एका सकाळी गावाबाहेरच्या रिकाम्या रानात दोघांनी ते विमान उडवलं आणि दोघंही हसले. तो दिवस सोनाजीला परत हवा होता. बस्, एवढंच.

दर रविवारी तो बॅटरी मोजी. पण नुसत्या मीटरवर त्याचा भरवसा कुठला! बल्ब लावल्याशिवाय सेलचं खरं कळत नाही, ही तीस वर्षांची खोड. गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब क्षणभर लावायचा, उजेड बघायचा, काढायचा. मग रत्नपालचा फोन येई.

"किती?"

"साडेअकराला जरा कमी."

"बराबर. नऊच्या खाली नको जाऊ देऊ. ठेवतो."

झालं बोलणं! त्यात सोनाजी चुकून "थांब जरा" म्हणाला, की पोरगं "कामात दिसता" म्हणून फोनच ठेवून देई. दोघंही सारखेच घुमे, नावं तरी कुणाला ठेवायची?

त्या रविवारी त्यानं बल्ब लावला आणि तेवढ्यात फोन वाजला. बल्ब तसाच ठेवून तो उठला. फोन समोरच्या भिंतीला, वायर तोकडी.

"बाबा..." पुढे नुसता हुंदका.

"काहून रं? तब्येत बरी हाय ना?"

"आईची लई आठवण येऊन राहिली. आज फोनचं मोठं कार्ड घेतलं. ती गेली तवा मी रडलो न्हाई, तुमी काय म्हणाल म्हणून."

मग रत्नपाल बोलतच राहिला. आईच्या ज्वारीच्या भाकरीबद्दल बोलला, खोलीतल्या सात जणांबद्दल बोलला, झोप येत नाही म्हणाला. वर्षभर साठलेलं सगळं बाहेर येत होतं. अर्ध्या तासानं सोनाजीची नजर टेबलावर गेली. बल्ब पिवळा पडला होता.

चार पावलं जाऊन बल्बची वायर ओढायची, एवढंच काम. पण त्यासाठी "थांब" म्हणावं लागणार होतं.

"बाबा, ऐकून राहिले ना?"

"व्हय. मला बी तिची लई याद येते. तू बोल."

बल्ब लाल झाला. मग आतली तार तेवढी दिसत राहिली. सोनाजी तिच्याकडे बघत, रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभा होता. थोड्या वेळानं तारही दिसेनाशी झाली.

कार्ड संपल्याची पिपाणी वाजली तसा रत्नपाल घाईनं म्हणाला, "बाबा, बॅटरीचं इचारायचंच राहिलं. किती हाय?"

"बराबर हाय," सोनाजी म्हणाला. "तू निस्तं ये."