घडी न मोडलेली शाल

मी एक जुनी शाल आहे. जुनी म्हणजे वापरून जुनी नव्हे, ठेवून ठेवून जुनी. मित्रांनो, या दोन्हींत फार फरक आहे, आणि तो मला दोरीवर वाळणाऱ्या एका मळक्या टॉवेलाने शिकवला. त्या टॉवेलाचा मी किती हेवा केला, ते सांगतेच.

माझा जन्म पानिपतच्या यंत्रमागावर झाला. तिथून गठ्ठ्यात बांधून मी इंदापूरच्या एका कापड दुकानात आले. शाल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार आधी विचारायचा, "अंगावर घ्यायची, का सत्काराची?" अंगावर घ्यायची म्हटले की त्याचा हात वरच्या फळीकडे जाई, सत्काराची म्हटले की खालच्या. मी खालच्या फळीवर होते. वरच्या जाडजूड, उबदार बहिणींकडे बघत मी दिवस काढले. जळायला मी तिथेच शिकले.

महिला दिनाला डाळजच्या पंचायतीने मला नेले. गावातल्या अनिताने रोपवाटिका नावारूपाला आणली होती, तिचा सत्कार होता. सरपंचबाईंनी हळदीकुंकवाच्या हातानेच मला तिच्या खांद्यावर घातले. माझ्या कोपऱ्याला पडलेला हळदीचा डाग काही गेला नाही. घरी आल्यावर अनिताने मला कुरवाळले, "नरसिंहपूरला देवाला जाताना घडी मोडीन" म्हणाली आणि कपाटात ठेवले. ते जाणे राहूनच गेले. कपाटाच्या फटीतून रोज दिसायचा तिच्या नवऱ्याचा, सोमनाथचा टॉवेल. घाम पुसायला तो, डोक्याला गुंडाळायला तो, भाकरी बांधायलाही तोच. आणि मी कडक घडीत, नुसती जळफळत.

जळायला घरात मला सोबत होती म्हणा. सोमनाथ आणि अनिता इंदापूरच्या कॉलेजात एकाच वर्गात होते. त्या वर्गाचा फोनवर ग्रुप होता. कोणाची बढती, कोणाचा फ्लॅट, कोण परदेशी, सगळे तिथे येई आणि सोमनाथचा चहा गार होई.

"दिग्या मॅनेजर झाला बघ. बाकावर माझ्या शेजारी बसून माझंच बघून लिवायचा!"

"मग तुमीबी लिवा की, पेरूची बाग धरलीय म्हणून."

"पेरू काय प्रमोशन हाय का?"

एवढे बोलून अभिनंदनाचा अंगठा मात्र पहिला त्याचाच जायचा. अनिताचे काय चालले आहे, हे त्या ग्रुपवर कोणी विचारत नसे. तिथे ती 'सोमनाथची मिसेस' एवढीच होती.

पुढे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात याच दिग्विजयचा सत्कार ठरला. सोमनाथ जवळ राहतो म्हणून शाल-नारळ त्याने आणायचे. नारळ घेतला, शाल विसरला, आणि त्या दिवशी दुकान बंद. अनिता रोपांना पाणी देत होती. त्याने कपाट उघडले आणि मला उचलले. तिला विचारावे असे काही त्याच्या मनात आले नाही. स्टेजवर त्याने हसत हसत मला दिग्विजयच्या गळ्याशी जरा जास्तच आवळले. फोटोत ते दिसत नाही, मला चांगले आठवते.

दिग्विजयच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये माझ्यासारख्या शालींची चळत होती. एकीचीही घडी मोडलेली नव्हती. दिग्विजय फोनवर सोमनाथच्या बागेचे फोटो बोटांनी मोठे करून बघायचा. "सोम्याचं बरंय. डोक्यावर साहेब नाही." त्याची बायको प्राची म्हणायची, "मग जा की डाळजला. अडवलंय कोणी?" मग तो बॅग उचलून ऑफिसला जायचा. मी हेही लक्षात ठेवले. एक शाल, दोन खांदे, जळणे तेच!

पुढच्या हिवाळ्यात सोमनाथचे पेरू दुबईला गेले आणि मेळाव्यात त्याचा सत्कार ठरला. या वेळी शाल दिग्विजय आणणार होता. त्याने चळतीत हात घातला, आणि मीच त्याच्या हाताला लागले.

नवा पांढरा शर्ट घालून सोमनाथ उभा राहिला. किती वर्षे तो दुसऱ्यांसाठी तबक धरून उभा होता! आज त्याचे खांदे वीतभर उंच झाले होते. दिग्विजयने मला त्यांवर घातले, तेव्हा तो कॅमेऱ्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. पहिल्या रांगेतून अनिता उठली.

"थांबा! ती शाल माझी हाय."

दिग्विजय हसला. "वहिनी, आता तुमच्याच घरी येणार की ती!"

"वैनी कुणाला म्हणतोस रं दिग्या? तुझ्याच वर्गात होते मी. माझ्या रोपवाटिकेसाठी पंचायतीनं दिलीया ती. त्यो हळदीचा डाग बघ. वरीसभर हुडकतीया मी."

"अगं, शाली काय, सगळ्या सारख्याच असतात," दिग्विजय पुटपुटला.

सोमनाथने कोपरा उचलून डाग पाहिला. त्याच्या खांद्यांतली हवा गेलेली मला कळली. दिग्विजयच्या बोलण्याला हो म्हटले असते, तर त्याचा दिवस वाचला असता. फोटोवाला थांबलाच होता. सोमनाथने माईक ओढला.

"सध्या काय करतो, ते सांगायचं असतं न्हवं हितं? तर मी सध्या बायकोची शाल पांघरून उभा हाय. मीच न विचारता नेली हुती. आन् पेरूचं म्हणाल, तर रोपंबी तिचीच हायत."

मांडव हसला. सोमनाथ खाली उतरला आणि त्याने मला अनिताच्या खांद्यांवर घातले. या वेळी त्याने आवळले नाही. मग कोणीतरी तिला विचारले, "आणि तुझं सध्या काय चाललंय, अनिता?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! ती बोलतच राहिली. टाळ्या वाजवता वाजवता सोमनाथच्या तोंडावर ते जुने जळणे जरासे दिसलेच. स्वभाव आहे, चालायचेच.

परतताना मोटारसायकलवर गार वारा लागला, तेव्हा अनिताने माझी घडी मोडली.

आता माझे धागे काट्यांत ओढले गेले आहेत, काठाला माती आहे. पहाटे मी रोपवाटिकेत तिच्या अंगावर असते. दोरीवरून टॉवेल माझ्याकडे बघतो. बघू दे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कपाटातही माझी एखादी बहीण असेल. ती कोणाची आहे, ते एकदा विचारा. आणि जिची आहे, तिच्याच हाताने तिची घडी मोडू द्या.