कल्याणप्पाचा कान

कल्याणप्पा अठरा वर्षं सास्तूरच्या संघाचा विकेटकीपर आणि तितकीच वर्षं मी, चाँदपाशा टेलर, अंपायर. टेनिस बॉल बॅटची कड घेऊन गेला तर आवाज असा येऊन येऊन किती येणार? त्यात कॉमेंट्रीवाल्याचा भोंगा. मग मी सरळ विचारायचो, "आप्पा, लागला का?" तो "व्हय" म्हणाला की माझं बोट वर. "न्हाय" म्हणाला की खेळ पुढं. समोरच्या संघालाही हे चालायचं. स्वतःचा संघ हरला तरी हा माणूस खोटं बोलत नाही, हे पार भूम गावापर्यंत माहीत होतं.

घर मात्र हातभट्टीवालं, आजोबापासून. गुळाचं पाणी ड्रममध्ये सडायला घालतात. ते आत बुडबुडत राहतं आणि तो आवाज थांबला की भट्टीवर चढवायचं. लवकर चढवलं तर दारू कमी उतरते, उशीर झाला तर सगळं आंबून जातं. कल्याणप्पा लहानपणापासून ड्रमला कान लावून हे सांगायचा. स्वतः त्यानं थेंब घेतला नाही. पण गावाची तऱ्हा अशी की, संध्याकाळी त्याच्या दारात आणि सकाळी त्याच्याकडं पाठ. मैदानावर मात्र सरपंचाचा मुलगासुद्धा त्याच्या एका शब्दावर बॅट काखेत मारून चालू पडायचा. म्हणून चव्वेचाळीस वर्षांचा हा गडी रविवारी सकाळी सातलाच ग्लोव्हज घालून हजर असायचा.

यंदा फायनल भूमशी होती. शेवटच्या दोन चेंडूंवर त्यांना सहा धावा हव्या होत्या. आमच्या प्रसेनजितच्या चेंडूवर त्यांच्या हाफिजनं बॅट फिरवली, चेंडू कल्याणप्पाच्या हातात. प्रसेनजित बेंबीच्या देठापासून ओरडला. मी नेहमीप्रमाणे कल्याणप्पाकडं पाहिलं. तो हाफिजकडं बघत होता. "न्हाय," तो म्हणाला. पुढच्या चेंडूवर षटकार बसला.

बक्षीस घेताना हाफिज हसत मला म्हणाला, "चाचा, लागला होता की!" पोरांनी ते ऐकलं. दारूवाला शेवटी विकला गेला, असं गावभर झालं आणि त्याचे ग्लोव्हज काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं त्याच्या घरी गेलो. तो अंगणात पाठमोरा बसून ड्रम घासत होता. मी तीन हाका मारल्या. तो वळला नाही. त्याची आई, धुरपदाबाई, गूळ फोडत होती. ती म्हणाली, "वरीस झालं, पाशा. ड्रमला कान लावतो अन् माज्या तोंडाकडं बघतो. म्या मान हलवली की म्हनतो, झालं."

म्हणजे वर्षभर हा फलंदाजाचं तोंड वाचून निकाल देत होता! बॅटला लागलं की पोरांचा चेहरा पडतो. हाफिज बेरकी, त्यानं पडू दिला नाही.

तेवढ्यात कल्याणप्पानं मला पाहिलं आणि काय ते ओळखलं. "चाँदभाई, कुनाला सांगू नगा. चोर म्हनू द्या. चोराला पुढल्या साली परत घेत्यात. भैऱ्याला कोन घेतंय?"

मला आधी त्याचा राग आला, मग स्वतःचा. खरं तर ऐकायचं काम अंपायरचं. अठरा वर्षं मी ते त्याच्या कानावर भागवलं होतं.

पुढच्या रविवारी मी साऱ्यांसमोर सांगितलं, "लागल्याचं मला ऐकू आलं होतं. भोंगा त्याच्या मागंच होता, त्याला कसं ऐकू येणार? तरी त्याला विचारत बसलो, ही माझी चूक. तो विकला गेलेला नाही." धडधडीत खोटं. पोरांनी माझी यथेच्छ हजेरी घेतली, अंपायरकी बुद्धघोष गुरुजींना दिली आणि ग्लोव्हज परत कल्याणप्पाला. मी बाभळीखाली जाऊन बसलो. वाईट वाटलं, पण कल्याणप्पा स्टंपांमागं उभा राहिला हे बघून बरंही वाटलं.

तिसऱ्याच षटकात चेंडू बॅटजवळून गेला आणि त्यानं झेलला. गुरुजींनीही तेच विचारलं, "आप्पा, लागला का?"

कल्याणप्पानं फलंदाजाकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. मग ग्लोव्हज काढले.

"मला इचारू नगा, गुरुजी. मला ऐकू येत न्हाय. वरीस झालं. चाँदभाई माज्यासाठी खोटं बोलले."

तो इतक्या मोठ्यानं बोलला की रस्त्यावरचे मोटारसायकलवाले थांबले. आपला आवाज केवढा चढलाय हे त्याला कळतच नव्हतं. ग्लोव्हज प्रसेनजितच्या हातात देऊन तो बाभळीखाली आला आणि माझ्याशेजारी बसला.

मी चिडलो. त्याचा खांदा धरून त्याला माझ्याकडं वळवलं आणि एकेक शब्द सावकाश विचारला, "सगळं मिटलं होतं. कशाला बोललास?"

"धंदा आमचा चोरीचाच हाय, चाँदभाई," तो म्हणाला. "हितं मैदानावर तेवढं माजं समदे खरं मानत्यात."