मनोरा दिसणारं टेबल

तिनं तिसऱ्या ओळीवर पेन्सिलीनं काट मारली आणि लगेच खोडरबर मागितलं.

"बाई, ही दुसरी वेळ," पर्यटन कार्यालयातला कारकून म्हणाला. "कागद फाटेल आता."

कागद एवढासाच. जुन्या शहराची फेरी संपली की गाइड म्हणून ती तो प्रत्येकाच्या हातात ठेवायची. वर 'कुठे खावं, काय वाचावं', खाली सात ठिकाणं. लिहिला होता तिच्या नवऱ्यानं. तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. कागद मात्र दर मोसमात नव्यानं छापला जात होता.

१. वेशीबाहेरची बेकरी. गरम पाव. इथे कविता वाचावी. पाव संपायच्या आत संपते.

२. कोर्टामागचा सूपवाला. इथे वाचू नये. चष्म्यावर वाफ धरते.

३. चौकातली खाणावळ, वरचा मजला, खिडकीजवळचं टेबल. ऑम्लेट सावकाश येतं. जाडजूड कादंबरी न्यावी. मनोरा इथून सर्वांत सुरेख दिसतो.

"दिसत नाही!" कारकून म्हणाला. "चौथी तक्रार आहे. एक आजोबा तर मनोरा शोधायला खिडकीतून निम्मे बाहेर लोंबकळले. उद्या कुणी पडलं म्हणजे माझ्या गळ्यात. उडवा ना ती ओळ. दुपारी छपाईला द्यायचंय."

"बघून सांगते."

"वीस वर्षं गाइड आहात, आणि अजून बघायचंच राहिलंय?"

राहिलंच होतं. गाइडची जागा ठरलेली असते. पाहुण्यांना टेबलाशी बसवायचं आणि आपण मागच्या दारानं आत जाऊन ओट्याशी उभ्यानं चार घास पोटात ढकलायचे. त्या खाणावळीत ती शेकडो वेळा जेवली होती. जिना एकदाही चढली नव्हती.

दुसऱ्यांच्या चुका काढण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याच कागदात चूक. तो असतानाही लोक कुरकुरायचे आणि ती घरी येऊन त्याच्यावर डाफरायची.

"अरे, हसतात मला लोक. तेवढं वाक्य काढून टाक ना."

"दिसतो," तो ताटातून मान वर न करता म्हणायचा. "नीट बसलं की दिसतो."

"तू कधी बसलास तिथे?"

"बसतो अधूनमधून. तू ये एकदा सुट्टी टाकून. दाखवतो."

मोसमात कसली सुट्टी? पुढच्या वर्षी, ती म्हणायची. पुढचं वर्ष यायचं, ते मोसम बरोबर घेऊनच.

ओळ काढली तर त्याचं एक वाक्य जगातून कमी होणार. ठेवली तर तो खोटा पडणार. दोन्ही तिला नको होतं. आजची फेरी तिनं बदलीवरच्या मुलीला दिली आणि खाणावळीच्या पुढच्या दारानं आत शिरली.

"ताई, चुकलात की काय?" म्हातारा वाढपी हसला. "मागून या, सूप उतरतंच आहे."

"आज वर बसायचंय. खिडकीशी."

त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, काही न विचारता पुढे झाला. वर जाऊन टेबल पुसलं, मग डावीकडची खुर्ची ओढली.

"साहेब हीच घ्यायचे. बाकी अख्खी खोली रिकामी असली तरी हीच. दर मंगळवारी."

मंगळवारी छापखाना बंद असायचा. तो दिवस झोपून काढतो, असं त्यानं तिला सांगितलं होतं.

"पुस्तक असायचं ना बरोबर?"

"हे एवढं जाड! पण पान उलटताना मी काही त्यांना पाहिलं नाही. चेष्टा करायचो, साहेब, डोळे उघडे ठेवून झोपता की काय?"

ती बसली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, मान लांब केली. समोर बँकेच्या इमारतीचा कोपरा आडवा आलेला. मनोऱ्याचं टोकसुद्धा नाही.

मग तिनं खाली पाहिलं.

खाली चौकातलं कोरडं कारंजं होतं आणि त्याच्या तीन पायऱ्या. वरच्या पायरीवरचा दगड मधोमध झिजलेला. रोज साडेअकराला ती तिथेच थांबायची. छत्री उंच धरून लोक गोळा करायची, मनोऱ्याकडे हात करायची आणि तो बांधणाऱ्या गवंड्याची गोष्ट सांगायची. खिडकीतून ती पायरी अशी दिसत होती, की उभ्या माणसाच्या चपलेचा पट्टासुद्धा ओळखावा.

ऑम्लेट आलं. ते निवत चाललं तेव्हा फोन वाजला.

"बाई, छापखान्याचा माणूस माझ्या डोक्यावर बसलाय. उडवू ना?"

"ठेवा."

"म्हणजे दिसतो?"

"वेळ घाला फक्त. साडेअकरा."

"साडेअकराला दिसतो आणि बाराला नाही? बाई, मनोरा आहे की बस? लोक मला फाडून खातील."

"माझ्याकडे पाठवा त्यांना."

फोन ठेवला तेव्हा बदलीवरची मुलगी पायरीवर चढली होती. तिनं छत्री वर केली, माना मोजल्या, मनोऱ्याकडे हात केला. वीसेक माना एकदम तिकडे वळल्या.

खिडकीतून तिनं हात हलवला. एकदा. मग पुन्हा, जरा जोरात.

मुलगी गवंड्याची गोष्ट सांगत राहिली.