मिठाचा गंज

अल्पेशने ब्रश पाण्यात हलवला, ओठांत धरून त्याचे टोक जुळवले आणि खिडकीची झडप वर टेकवली. सकाळी खाडीकडून उजेड तिरपा येई, तेव्हाच टेबलावरचे रंग खरे दिसत. त्याची बायको हेमाली हिने चहाचा कप नेहमीप्रमाणे ब्रशच्या पाण्यापासून लांब ठेवला. अंगणात वडील मिठागरावर निघण्यापूर्वी सायकलची साखळी चढवत होते.

टेबलावर दहा स्वार उभे होते. बोटाएवढे, प्लास्टिकचे, हाडांच्या घोड्यांवर हाडांची माणसे, अंगावर गंजलेली चिलखते. टेबलावर फासे टाकून खेळायच्या लढाईतले हे मेलेल्यांचे घोडदळ अल्पेशकडे रंगवायला देणारा गणराज ते न्यायला आज येणार होता. मुंबईहून श्रीवर्धनला घरी जाताना तो वाट वाकडी करणार होता. हे पसंत पडले तर उरलेले सगळे सैन्य तुझ्याकडेच, असे त्याने फोनवर सांगितले होते. मग अल्पेशला कंटेनर यार्डातल्या रात्रपाळीवर परत जावे लागणार नव्हते.

तो वाकला. सरदाराच्या खांद्यावर पांढरी साय धरली होती. काल ती नव्हती. त्याने तिच्यावर बोट फिरवले आणि जिभेला लावले. खारट.

गंज दाखवायची एक रीत आहे. आधी तांबूस रंग, त्यावर मिठाचे दाणे, वरून पोलादी रंग. दाणे काढले की खालचा गंज उघडा पडतो. बाकीचे लोक पिशवीतले कोरडे मीठ वापरतात. या घरात विकतचे मीठ कधी आलेच नव्हते. अल्पेशने वडिलांच्या ताज्या राशीतले ओलसर मीठ घेतले होते, आणि बारीक भाले मोडतील म्हणून दाणे पाण्याने न धुता नुसते झाडले होते. वार्निशखाली राहिलेले मीठ आता वर येत होते.

वडील खिडकीशी थांबले.

“तुझ्या भुतांना घाम फुटला का रं?”

“नव्या राशीतलं मीठ वापरलं, बाबा.”

“मंग फुटनारच. नवं मीठ पानी सोडतं. आमटीला घेतलंस तरी तुझी आई वरडली असती.”

ते हसत सायकलवर बसले. हेमाली मात्र हसली नाही.

“पुसून निघंल ना?”

“वरचं निघंल. आतलं येतच ऱ्हाणार. पुढं रंगाचे पापुद्रे सुटतील.”

“आज तर न्हाय ना सुटनार?”

अल्पेशने फडके उचलले.

“खोटं बोला म्हणत न्हाय मी. नुसतं गप ऱ्हावा. यार्डातनं आलं की दुपारपर्यंत माणसात नसायचात तुम्ही.”

गाडी दाराशी थांबली तेव्हा पुसायचे फडके त्याच्या मुठीतच होते.

गणराज खुर्चीवर बसलाच नाही. टेबलापाशी उकिडवा होऊन तो एकेका स्वाराकडे पाहत गेला. सरदाराला त्याने तळहातावर घेतले आणि खिडकीकडे धरले. हेमाली कपबशा घेऊन दारातच थबकली.

“हे पांढरं कसं केलंस रे?” गणराजने हळूच विचारले. “गंज तर सगळेच करतात. हा आत्ता मातीतून उठून आलाय असं वाटतं. आमच्या खेळाच्या ग्रुपवर कोणाकडे असलं काम नाही.”

अल्पेशने फडके खिशात कोंबले.

“मला पूर्ण आर्मी अशीच पाहिजे. पायदळसुद्धा. जमेल ना?”

हेमालीने नवऱ्याकडे पाहिले, मग कपांकडे.

अल्पेशने हात पुढे केला. गणराजने सरदार परत दिला. पांढरे धरले होते तिथे अल्पेशने नख घातले आणि उचलले. पोलादी रंग आणि त्याखालचा गंज एकाच पापुद्र्यात निघून आला. खाली कोरे करडे प्लास्टिक दिसले.

“अरे, काय करतोस?”

“मीठ ऱ्हायलंय आत. माझी चूक. तुमच्या कपाटात सगळे असेच सोलत जातील.”

“सगळे?”

“सगळ्यांना तेच मीठ लावलंय.”

गणराज उठून उभा राहिला. गाडीची चावी त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पण तो निघाला नाही. हेमालीने कपबशा जमिनीवर ठेवल्या. चहाला कोणी हात लावला नाही.

अल्पेशने खुर्ची उजेडाकडे सरकवली, दुसरा स्वार उचलला आणि पुन्हा कोऱ्यापासून रंगवायला त्याच्या खांद्याच्या कडेला नख लावले.